वेणीची खूण

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. मी तिथे नव्हतो, एवढंच. म्हणजे होतो, मोजायच्या फितीचं एक टोक माझ्याच हातात होतं.

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध क्रीडाशिक्षक होते. लांब उडीचा खड्डा त्यांनी स्वतः खणलेला, नदीची वाळू चाळून भरलेला. तेव्हा वाळूच मऊ होती की आमचे गुडघे बरे होते, देव जाणे. त्यांची एक शिष्या होती. धावत येऊन फळीवरून उठली की इतका वेळ हवेत राहायची, की खाली आमच्या भुईमुगाच्या चार शेंगा सोलून व्हायच्या.

त्या दिवशी राज्याच्या संघासाठी निवड होती. वयाच्या अटीमुळे तिची ही अखेरची संधी. मोजायला पंच म्हणून गुरुजीच. शेवटच्या उडीत ती सगळ्यांच्या पुढे पडली. टाळ्या झाल्या. मी टाचेच्या खुणेवर फीत टेकवली.

"तिथे नाही," गुरुजी म्हणाले. "जरा मागे बघ."

टाचांमागे वाळूत एक बारीक रेघ होती. पडताना तिची लांब वेणी टेकली होती. अंगाची सर्वांत मागची खूण धरायची, हा उडीचा नियम. गुरुजींनी तिथून मोजलं. चार बोटांनी तिची निवड हुकली.

"केस आहेत हो ते, गुरुजी," ती म्हणाली. "केसांनी कुणी उडी मारतं का?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बाळ, मनुष्य उडतो तो आपलं सर्वस्व घेऊन. त्यातलं जे सर्वांत मागे राहिलं, तिथवरच त्याची उडी. ती रेघ मी पायाने पुसली असती, तर तू संघात गेली असतीस. पण आपली उडी किती, हे तुला जन्मभर कळलं नसतं."

तिने वाकून नमस्कार केला.

आता कबुली देतो. शेंगांचं तुम्ही ओळखलंच असेल. पण ते भाषणही माझंच. दृष्टांतात गुरूला बोलावं लागतं, म्हणून रचलं. नमस्कारही तिने केला नाही. रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी दाताळं घेऊन वाळू सारखी करत होते, तेवढी रेघ सोडून. ती आली. बराच वेळ रेघेकडे बघत उभी राहिली. मग त्यांच्या हातातलं दाताळं घेतलं आणि रेघ तशीच ठेवून उरलेली वाळू तिनेच सारखी केली.