सुकनाथानं अंगावर घेतलेल्या गारा

फार फार वर्षं झाली. आमच्या खरबीत सुकनाथ नावाचा गारपगारी राहायचा. गारपगारी म्हणजे मंत्र टाकून गारा परतवणारा. पण गारांना नुसतं जा म्हणून भागत नाही, कुठंतरी जागा द्यावी लागते. सुकनाथ त्यांना उजाड टेकडीवर पाठवायचा, असं म्हणतात.

एका साली माघाच्या थंडीत ज्वारी खळ्यात येऊन पडली, अन् आभाळ काळं झालं. पहिली गार पडली ती कवठाएवढी. पाटलाची गाय बसली ती उठलीच नाही. सारं गाव सुकनाथाच्या झोपडीपुढं जमलं.

"टेकडीवर जात नाहीत आज," सुकनाथ म्हणाला. "लय जड हायेत."

"मंग टाक हिवरीवर," पाटील म्हणाला.

हिवरी म्हणजे शिवेपलीकडचं गाव. आमच्या लेकी तिथं दिलेल्या, तिथल्या इथं आणलेल्या.

"तिथंबी लेकरं हायेत, पाटील."

"हिवरीवाल्यायची डोस्की टणक असतात, त्यायले काय होते!" कुणीतरी बोललं, अन् माणसं हसली. हसली, बरं का.

पाटलाची आई म्हणाली, "वर्षभर आमच्या घरचं खाते, अन् आज हिवरीचा पुळका आला का बे तुले?"

मग त्याला ढकलत शिवेवर नेलं, अन् सगळे पळत येऊन दारं लावून बसले.

सुकनाथानं डोक्याचं फडकं सोडलं, हात वर केले, अन् गारांना स्वतःच्या अंगावरच जागा दिली. असं म्हणतात, की खरबीत दाणा हलला नाही, हिवरीत पान हललं नाही. शिवेवर मात्र ताडाएवढा पांढरा ढीग उभा राहिला.

तो उपसायला आधी धावले हिवरीचे. नुसत्या हातांनी उपसला, बोटं निळी पडली त्यांची. आत सुकनाथ उभाच होता, हात वर, अंगात जीव नाही.

"कोणाचा माणूस हाय हा?" त्यांनी विचारलं.

आमचे तोवर येऊन उभे होते, पण 'आमचा' म्हणायला कुणी पुढं झालं नाही. त्यांनीच त्याला खांद्यावर घेतलं अन् आपल्या मातीत ठेवलं.

खरबीत सुकनाथाचं देऊळ नाही. बांधायला तोंडच नव्हतं. पण आजही गारा लागल्या, की घरटी एक माणूस उघड्या डोक्यानं शिवेवर जाऊन उभा राहतो. समोरून हिवरीचे घोंगड्या घेऊन धावत येतात, आमची डोकी झाकतात. "चला, च्या घ्या घरी," म्हणतात.

आमची मान काही वर होत नाही.