पट्टीखालचा नारू

किती पिढ्या लोटल्या कोण जाणे, मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून कान देणाऱ्या मोठ्यांनो, पण माळावरच्या एका गावाची ही गोष्ट.

त्या गावच्या विहिरीचं पाणी वाईट. ते पिऊन घरोघरी नारू व्हायचा. नारू म्हणजे पायातून बाहेर येणारा दोऱ्यासारखा लांब किडा. पण गावची रीत अशी, की त्यावर रेशमी पट्टी बांधायची आणि रोगाचं नाव काढायचं नाही. जितकी भारी पट्टी, तितका मान मोठा.

एकदा तिथे एक वैद्य आला. विहिरीपाशी बसून म्हणाला, "पट्टी सोडा. नारू मी काढतो."

आधी आली परटीण. तिची पट्टी म्हणजे लुगड्याची चिंधी. तिनं ती सोडली. दुर्गंधी सुटली, पण वैद्यानं नाक मुरडलं नाही. रोज स्वतःच्या हातांनी जखम धुतली आणि काडीला गुंडाळत नारू हळूहळू ओढून काढला. काही दिवसांतच ती तुरुतुरु चालू लागली. "माझा देव आहे तो," असं ज्याला त्याला सांगत सुटली.

मग लंगडत पाटील आला. "लेप काय तो पट्टीवरूनच लावा," म्हणाला.

"पाटील, नारू पट्टीच्या आत आहे."

"म्हणजे मी रोगी?"

"होय. म्हणून तर मी आलोय. हवं तर घरात सोडा, पण सोडा. नाहीतर जिवावर बेतेल."

पाटलाचं डोकं फिरलं. "हा आपल्या गावाला रोगी म्हणतो!" तो ओरडला. आणि काय सांगू, लोकांनी दगड उचलले! चोरावर नव्हे, दरोडेखोरावर नव्हे, त्यांच्या जखमा धुवायला आलेल्या माणसावर! सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. परटीण मध्ये पडली, म्हणून तो वाचला.

दुसऱ्या दिवशी फुटक्या कपाळानं तो कुठे गेला असेल? पाटलाच्याच दारात! "पाटील, अजून वेळ गेलेली नाही."

"अहो, सोडा ना ती पट्टी," पाटलीणबाईंनी पाय धरले. पाटलानं दार लावून घेतलं.

महिन्याभरात पाटील गेला. शेवटची आंघोळ घालताना पट्टी सोडली, तर पाय हाडापर्यंत सडलेला. पाटलीणबाईंइतकंच आणखी एक माणूस रडत होतं, तो वैद्य.

आपल्या मनात झाकलेलं पाप धुवायला आलेल्या ख्रिस्तावर कुणी जीव ओवाळून टाकतात, कुणी त्याच्यावरच दगड उचलतात, ते का, हे आता कळलं ना?

तात्पर्य: आपला रोग कबूल करणाऱ्याला वैद्य प्राणाहून प्रिय होतो, झाकणाऱ्याला तोच वैरी वाटतो.