नालबंदाच्या भट्टीची पाटी

"म्हणजे पाटी देणार का न्हाय, उस्ताद? एकदा काय ते सांगून टाका."

लहू ढेबेचा आवाज चढला होता. यासीन नालबंद मात्र दाराबाहेर बघत बसले होते.

बाहेर बघण्यासारखं होतं काय म्हणा! पाचगणीचं आखाडातलं धुकं. स्वतःचा हात पुढे केला तरी कुणाचा आहे ते कळू नये.

"उस्ताद, मी तुमच्याशी बोलतोय."

"ऐकतोय की."

यासीनमियांचे वडील घोड्यांना नाल ठोकायचे. घोडे कमी झाले, धंदा बसला, तेव्हा यासीनमियांनी बापाच्या त्याच भट्टीवर सळया आडव्या टाकल्या आणि मटण भाजायला घेतलं. भाजलेलं मटण, गरम भाकरी, वाटीभर रस्सा. चौथा पदार्थ मागितला तर म्हणायचे, "तो घरी जाऊन खा." तरी माणसं यायची. काय दिवस होते ते! गारठलेले पाहुणे शाली गुंडाळून बाकावर खेटून बसायचे आणि उठताना अंगाला धुराचा वास घेऊन जायचे.

लहू तिथेच भाता ओढायला लागला, तिथेच सळई धरायला शिकला. पुढे खाली शहरात गेला, मोठमोठ्या हॉटेलांत नाव काढून आला. इकडे उस्तादांचे हात कापायला लागले आणि भट्टी थंड पडली.

येत्या रविवारी लहूचं स्वतःचं बार्बेक्यू हॉटेल उघडणार होतं. काचेच्या भिंती, टेबलाटेबलावर शेगडी, आणि कुणाच्या कपड्यांना वास लागू नये म्हणून सगळा धूर ओढून घेणारं यंत्र. दारावरची जागा तेवढी त्याने मुद्दाम रिकामी ठेवली होती. तिथे उस्तादांची सागवानी पाटी लागली तर ठीक. नाहीतर बाजारात एवढी हॉटेलं, त्यात आपलं आणखी एक. या धास्तीने त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"कशाला पायजे तुला ती?"

"लोकांना कळायला नको, मी कुणाचा शागीर्द हाय ते?"

"खाल्ल्यावर कळंल की."

"खायला आधी आत आले पायजेत ना! दारावर नावच नसलं तर कोण कशाला वळतंय?"

म्हाताऱ्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, देव जाणे.

"... मला भूक लागलीय, लहू."

लहूची कळीच खुलली. उस्तादांनी चव घ्यावी म्हणून मसाला लावलेलं मटण त्याने डबा भरून आणलंच होतं. तो लगबगीने भट्टीपाशी गेला. तळाशी जुना कोळसा होता. पण तो पेटवायला लाकूड हवं, आणि पडवीतलं सरपण पिळून काढावं इतकं भिजलेलं.

"उस्ताद, सगळ्या घरात कोरडं लाकूड म्हणून न्हाय."

"हाय की."

यासीनमियां भिंत धरून उठले. दाराशी गेले, हात वर केला आणि दाराच्या आतल्या अंगाला टांगलेली कोरडी पाटी खुंट्यांवरून उतरवली. 'नालबंदाची भट्टी.' तापलेल्या सळईने त्यांनी स्वतः डागलेली अक्षरं.

लहूचे डोळे भरून आले. त्याने दोन्ही हात पुढे केले.

उस्ताद त्याच्यासमोरून पुढे गेले. पाटी उंबऱ्यावर आडवी ठेवली आणि कुऱ्हाड घातली. हात कापत होते, पण घाव बरोबर लाकडाच्या शिरेवर बसला. अक्षरांची डोकी एका फळीवर राहिली, धडं दुसरीवर.

"उस्ताद! अहो काय केलंत हे!"

"भाता ओढ."

लहूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी न्हाय ओढणार! माझं सगळं या पाटीवर होतं... आणि तुम्ही सरपण केलंत तिचं?"

"बरं. मग उपाशी बसतो."

आणि म्हातारा खरंच बसला.

...

आता सांगा, काय करील माणूस? ज्याच्या हातचं खाऊन आपण वाढलो तो समोर उपाशी बसलाय. लहूने चरफडत फळ्यांचे तुकडे केले, भट्टीत रचले, काडी ओढली आणि भात्याची दोरी धरली.

भाता कुरकुरला. तोच आवाज. लहूला एकदम भरून आलं. त्या आवाजात त्याचं सगळं पोरपण होतं: म्हशी शोधता शोधता धुक्यात वाट चुकलेला तो, उस्तादांनी न विचारता पुढे सरकवलेलं ताट, आणि "आधी खा, मग सांग कुणाचा तू."

कोळसा फुलला. ज्वाळा वर आली तशी लहूने नकळत राखेची मूठ तिच्यावर टाकली. सळई फिरवली, थांबला, पुन्हा फिरवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात आपलं काम करत होते. उस्ताद त्या हातांकडे बघत होते. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला, चर्रकन धूर उठला आणि उघड्या दारातून धुक्यात शिरला.

थोड्या वेळाने बाहेर टापा वाजल्या.

"चाचा! भट्टी पेटली का काय?" जगू घोडेवाल्याचा आवाज. "आरं देवा, किती दिसांनी!"

जगूच्या मागोमाग एक ओलंचिंब कुटुंब आत आलं. पुण्याचं असावं. त्यांच्यातली आजी काकडत म्हणाली, "इथे काही गरम मिळेल का हो?"

"बसा, बसा," उस्ताद म्हणाले. आतून उस्तादांच्या सुनेने भाकरी थापायला घेतल्याचा आवाज आला.

लहूने पहिला तुकडा उस्तादांच्या ताटात ठेवला, मग सगळ्यांना वाढलं. माणसं बाकावर खेटून बसली. आजीने फुंकर मारत घास घेतला आणि डोळे मिटले.

लहू दाराशी गेला. वर नुसत्या दोन खुंट्या होत्या. तो परत येऊन उस्तादांच्या पायांशी बसला.

"उस्ताद... आता माझ्या दारावर काय लावू मी?"

यासीनमियांनी तुकडा सावकाश चावून संपवला. हाडूक चोखलं. मग त्याच हाडकाने आजींकडे बोट केल्यासारखं केलं.

"त्यांना विचार, काय वाचून आत आल्या."