गोडेवाडीचा वकील हैबती

डोंगराच्या पायथ्याला गोडेवाडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात हैबती नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे वेडा नव्हे. गुऱ्हाळावर काहिलीतला रस ढवळायला त्याच्यासारखा गडी नव्हता. कुणी ढवळ म्हटलं की तो ढवळायचा. फक्त थांब म्हणायलाही कुणीतरी यावं लागायचं.

गोडेवाडीत गूळ व्हायचा. शेजारच्या खारवाडीत मीठ व्हायचं, मडकेवाडीत मडकी, आणि घाणेवाडीत तेल. चारी गावांचा मिळून एक एकोपा होता, त्याला चौवाडी म्हणत. चौवाडीत कुणाच्या गाडीला नाका नाही, जकात नाही, मापं सगळ्यांची सारखी. पणजोबांपासून असं चाललं होतं आणि इतकं सुरळीत चाललं होतं, की ते चाललंय हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं.

एका वर्षी चौवाडीच्या बैठकीत ठरलं, की गुळाची ढेप सगळीकडे एकाच आकाराची असावी. गोडेवाडीचे आनाजी पाटील बैठकीतून उठले ते थेट गावच्या पारावर आले.

"आपल्या ढेपेचा आकार खारवाडीनं ठरवायचा?" ते म्हणाले. "उद्या आपल्या पागोट्याचा ठरवतील. मी म्हणतो, चौवाडी सोडू. पटतंय त्यांनी हात वर करा."

बरेच हात वर झाले. हैबतीनंही केला. शेजारच्यानं केला होता, आणि एकट्याचाच हात खाली बरा दिसत नाही.

झालं, चौवाडी सुटली. सुरुवातीचे दिवस मोठ्या मजेत गेले. कुणी चौकोनी ढेप पाडली, कुणी लांबुळकी. एकानं तर बैलाच्या तोंडाची पाडली आणि ती बघायला गाव लोटला. मग हळूहळू घरोघरच्या मिठाच्या बरण्या रिकाम्या झाल्या. गोडेवाडीच्या गाड्या मीठ आणायला निघाल्या, तर वाटेवर नाके बसलेले. नाकेदार म्हणाले, "तुम्ही आता बाहेरचे. आधी बोलणी करा, मग गाडी आणा."

बोलणी करायला जाणार कोण? पाटलांचं तिन्ही गावांशी वाजलेलं. बाकीच्यांचंही कुणाचं बांधावरून, कुणाचं सोयरिकीवरून वाजलेलंच. ज्याचं कुणाशीच वाकडं नाही, असा गावात हैबती तेवढा निघाला.

"हैबती," पाटील म्हणाले, "आजपासून तू गावचा वकील."

त्याला नवं पागोटं मिळालं. त्याची बायको गोजरा दारात उभी राहून बघत होती. "शोभतंय हो," ती म्हणाली. "येताना मूठभर मीठ तेवढं आणा. अळणी आमटी खाऊन जिभेची चव गेली माझ्या."

"आणतो," हैबती म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला.

पहिली खेप खारवाडीची. पाटलांनी वेशीपर्यंत येऊन बजावलं, "हे बघ, बोलणीत जो आधी बोलतो तो फसतो. तू तोंड उघडू नकोस. त्यांना बोलू दे."

"बरं पाटील. लक्षात ठेवतो."

आणि त्यानं लक्षात ठेवलं. हैबतीचं तेच तर अवघड होतं. सांगितलेलं तो कधी विसरत नसे.

खारवाडीचे कारभारी दाजीबा म्हातारे आणि मुरलेले. त्यांनी हैबतीला ओटीवर बसवलं, गडव्यातून पाणी दिलं आणि म्हणाले, "एका ढेपेला एक पायली मीठ."

हैबती गप्प.

दाजीबांना वाटलं, गडी साधा नाही. "बरं, दोन पायल्या."

हैबती गप्प.

"तीन. आणि जकात निम्मी."

हैबतीच्या डोळ्यांपुढे गोजराची आमटी आली. हो म्हणावं असं त्याला फार फार वाटलं. त्यानं ओठ आणखी घट्ट मिटले.

"चार," दाजीबा घाम पुसत म्हणाले. "जकात माफ. गाडी आमची, बैल आमचे. आता द्यायला माझ्याकडे काही उरलं नाही. बोल की बाबा काहीतरी."

हैबती आढ्याकडे बघत राहिला. दाजीबांनी थोडी वाट पाहिली. मग ते उठले, पाहुण्याला आपलं काहीच पसंत नाही असं घरात सांगितलं, आणि आतून कडी लावून घेतली.

हैबतीनं गावात परत येऊन पाटलांना जसंच्या तसं सांगितलं. पाटलांनी कपाळाला हात लावला. "अरे, चार पायल्या आणि जकात माफ? समोरचा देतोय तर लगेच हो म्हणून मोकळं व्हावं माणसानं. यापुढे पटकन हो म्हणत जा."

"बरं पाटील. लक्षात ठेवतो."

पुढची खेप मडकेवाडीची. तिथला कारभारी सोनबा चाकावर बसला होता. स्वभावानं खट्याळ. त्यानं भाव जरा चढवूनच सांगितला, म्हणजे घासाघीस झाली तरी परवडावं.

"एका ढेपेला एक मडकं."

"हो," हैबती म्हणाला.

सोनबाचं चाक हळू झालं. "चुकलो. एका मडक्याला दोन ढेपा."

"हो."

"मडकी वाटेत फुटली तर तुमची."

"हो."

"आमच्या अंगणात फुटली तरी तुमची."

"हो."

सोनबानं चाक थांबवलं आणि आळीतल्या माणसांना हाका मारल्या. सगळे जमल्यावर तो म्हणाला, "आमच्या गाढवांना दर सणाला तुमचा गूळ."

"हो."

"आणि गाढवं आजारी पडली तर तुमचे पाटील स्वतः येऊन त्यांना भरवतील."

"हो."

"तुमच्या पाटलांचं डोकं फिरलंय म्हणतात, खरं का?"

"हो," हैबती म्हणाला. हे तर त्यानं प्रश्न संपायच्या आत म्हटलं.

पाटलांनी ते ऐकून घेतलं आणि बराच वेळ मिशी चावली. "गाढवं मी भरवायची?"

"रोज नाही," हैबतीनं समजूत घातली. "आजारी पडली तरच."

"अरे शहाण्या, बोलणी म्हणजे देणंघेणं असतं. एका हातानं द्यायचं, दुसऱ्या हातानं घ्यायचं. आणि घेतल्याशिवाय हातचं सोडायचं नाही. कळलं?"

"बरं पाटील. लक्षात ठेवतो."

मग तो घाणेवाडीला गेला. तिथं भागाबाईचा घाणा होता आणि तिचा शब्द गावात चालायचा. मनानं मऊ बाई. हैबती तिच्यापुढे उभा राहिला. एका हातात गुळाची ढेप पुढे धरली, दुसऱ्या हाताची ओंजळ केली.

"मावशी, हा गूळ घ्या. आणि इथं तेल घाला."

"भांडं कुठंय?"

"पाटलांनी हात सांगितलाय."

"तेल हातात राहतं का रे लेकरा? थांब, बुधला देते."

"बुधला धरायला दोन्ही हात लागतील मावशी. हा हात देण्याचा आहे."

"मग गूळ खाली ठेव आधी."

"घेतल्याशिवाय हातचं सोडायचं नाही."

भागाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, घाण्याच्या बैलाकडे पाहिलं, आणि पळीभर तेल त्याच्या तळव्यावर घातलं. तेल बोटांतून मनगटावर गेलं, मनगटावरून कोपरावर, कोपरावरून धोतरावर. हैबती हलला नाही. तिनं आणखी एक पळी घातली. तेलाची धार जमिनीवरून दारापर्यंत गेली, तरी तो शांतपणे समोर बघत उभा. शेवटी तिनंच पळी ठेवली आणि हात जोडले. ढेप घेऊन हैबती परत निघाला, कारण हात भरला नव्हता.

घरी गोजरानं त्याचा दंड धरला. निथळेल तेवढं तेल वाटीत घेतलं आणि त्याची फोडणी दिली. वास तर झकास सुटला. दोघं जेवायला बसले. तिनं एक घास घेतला आणि ताट बाजूला सारलं.

"तुम्हाला सांगणाराच धड सांगत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती रिकामी बरणी घेऊन पाटलांच्या दारात गेली. तिच्या मागून गावातल्या बाकीच्या बायाही बरण्या घेऊन आल्या. "पाटील, गुळावर जगायचं किती दिवस? चौवाडीत परत जाऊ."

"परत जायचं नाही," पाटील म्हणाले. "एकदा उठलो ते उठलो. पण मिळवायचं ते मिळवू." खरं तर त्यांच्या घरीही आमटी अळणीच होती. त्यांनी हैबतीला आत बोलावलं, जवळ बसवलं, आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"तिन्ही गावांची बैठक आहे. तिथं जा. आधी शिकवलेलं सगळं विसर. गावची अडचण बाहेर सांगायची नाही. कसं चाललंय विचारलं, तर झकास म्हणायचं. आपण आत जाणार नाही, हे पक्कं. आणि त्यांच्यात नि आपल्यात काडीचाही फरक राहता कामा नये. एवढं झाल्याशिवाय परत येऊ नकोस."

"बरं पाटील. लक्षात ठेवतो."

बैठक खारवाडीच्या चिंचेखाली होती. दाजीबा, सोनबा आणि भागाबाई घोंगडीवर बसले होते. त्यांचंही फार बरं चाललेलं नव्हतं. गुळावाचून सणाच्या पोळ्या राहिल्या होत्या आणि पोरं रुसली होती. गोडेवाडीला गोडीनं परत घ्यावं, ढेप हव्या त्या आकाराची पाडू द्यावी, असं हैबती येण्यापूर्वीच तिघांचं ठरलं होतं. पण पाहुण्याची विचारपूस आधी करावी लागते.

"काय हैबती," दाजीबा म्हणाले, "बाहेर पडल्यापासून कसं चाललंय?"

"झकास."

"मिठाचं कसं करता?"

"झकास."

"आणि मडकी? तेल?"

"झकास. झकास."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दाजीबांच्या मनात आलं, चार पायल्या देत होतो तरी हा बोलला नाही. याला मिठाची ददात नसणार. सोनबाच्या मनात आलं, दुप्पट गूळ मागितला तरी याची पापणी लवली नाही. भागाबाईनं तर त्याला जमिनीवर तेल वाहताना शांत उभं राहिलेलं पाहिलं होतं. इतकी श्रीमंती तिनं जन्मात बघितली नव्हती.

"मग तुम्हाला आमच्याकडून हवंय तरी काय?" दाजीबांनी विचारलं.

"तुमच्यात नि आमच्यात काही फरक नको."

"सोपं आहे. आत या."

"आत यायचं नाही."

"आत यायचं नाही आणि फरकही नको. मग जमायचं कसं?"

हे पाटलांनी सांगितलं नव्हतं. हैबतीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं विचार करायची वेळ आली. त्याच्या कानशिलांवर घाम आला. त्यानं घोंगडीवर बसलेल्या तिघांकडे पाहिलं, घोंगडीबाहेरच्या स्वतःच्या पायांकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "मग तुम्ही बाहेर या."

सोनबानं अंगावरचा चिंचेचा पाला झटकला.

"मडक्याचा गळा केवढा असावा, हे चौवाडीनं ठरवावं, ते मला कधीच पटलं नव्हतं," सोनबा म्हणाला.

"माझ्या बुधल्याचं मापही मी मुकाट्यानंच मानत आले," भागाबाई म्हणाली.

दाजीबांनी दाढी खाजवली. "मीठ जाडं पाडायचं की बारीक, ते मीठ पाडणाऱ्याला कळतं," ते म्हणाले. मग त्यांनी पुन्हा एकदा हैबतीला विचारलं, "नक्की झकास ना?"

"झकास."

तिघांनी हात वर केले.

गोडेवाडीच्या वेशीवर सगळं गाव वाट बघत होतं. हैबती दिसल्याबरोबर पाटील पुढे धावले. "झालं का?"

"झालं पाटील. त्यांच्यात नि आपल्यात काडीचाही फरक राहिला नाही."

कुणीतरी हलगी वाजवली. पाटलांनी हैबतीला उराशी धरलं. गोजरा बरणी घेऊन गर्दीतून पुढे आली आणि म्हणाली, "मीठ कुठंय?"

"मीठ नाही," हैबती म्हणाला. "मडकेवाडीलाही नाही. घाणेवाडीला मडकं नाही, खारवाडीला तेल नाही. चौवाडी मोडली. आता सगळेच बाहेर आहेत, अगदी आपल्यासारखे."

हलगी थांबली. पाटील खाली दगडावर बसले. मग त्यांनी विचारलं, "आणि त्या वाटेवर धुरळा कसला?"

"ती तिन्ही गावं येतायत," हैबती म्हणाला. "बाहेर झकास कसं राहायचं, ते त्यांना तुमच्याकडून शिकायचंय. पोराबाळांसकट निघालेत. जेवायला तुमच्याकडेच सांगितलंय."