तुरेरावांची लाल गाडी

फार वर्षांपूर्वी, जनावरं पायी चालायला लाजत असत त्या काळी, तुरेराव मोराला जुनी स्पोर्ट्स कार घेऊन नवी करायची हौस आली. आपले पाय वाईट दिसतात हे त्याचं जुनं दुखणं, आणि पाय झाकायला गाडीसारखी सोय नाही. त्यासाठी अख्खा पिसारा उतरवून द्यायची त्याची तयारी होती.

कोल्हेशेठच्या शेडमध्ये दोन गाड्या होत्या, एक रंग उडालेली आणि एक लालचुटूक. पारख करायला सोबत आलेल्या गॅरेजवाल्या गोदूमावशी घुशीने लाल गाडीच्या दाराला लोहचुंबक लावला. तो टपकन खाली पडला.

"पत्रा गंजून संपलाय, तुरेराव. भोकं बुजवायची नुसती पुट्टी आणि वरून रंग आहे. ती दुसरी घ्या, तिचा सांगाडा ठणठणीत आहे."

"परदेशी पत्रा मानी असतो, मावशी," कोल्हेशेठ म्हणाले. "कुणालाही चिकटत नाही."

तुरेरावाला हे लगेच पटलं, कारण तो तेव्हा लाल बॉनेटमध्ये स्वतःचा तुरा पाहत होता. दुसऱ्या गाडीत तुरा दिसत नव्हता. पिसारा उतरला, व्यवहार झाला.

पहिल्याच खड्ड्यात गाडीचा तळ इंजिनासकट गळून पडला. तुरेरावाने मात्र इभ्रत सोडली नाही. स्टिअरिंग घट्ट धरून तो उरलेली गाडी आतून पळवत भर बाजारातून गेला. खालून त्याचे पाय साऱ्या जंगलाने मनसोक्त पाहिले.

संध्याकाळी तो मावशीच्या गॅरेजात आला.

"तळ बसवून देऊ?" तिने विचारलं.

"तळाचं राहू दे," तो धापा टाकत म्हणाला. "पायांना हाच लाल रंग मिळेल का?"