सरदार शेरजंगांची बसायची गोष्ट

सरदार शेरजंगांनी दिवाणजींचं पागोटं पळवलं, कारंज्यात बुडवलं आणि वर येऊन राजेसाहेबांच्या गादीवर अंग झाडलं. सरदारांचं वय तेव्हा चार महिन्यांचं होतं, आणि त्यांना शेपूट होतं.

शेजारच्या राजाने हे कुत्र्याचं पिल्लू हिवरगडच्या भैरोजीराजांना भेट पाठवलं होतं. थैलीतल्या पत्रात त्याने गमतीने 'सरदार शेरजंग' असं लिहिलं. भैरोजीराजांना गंमत कळायला वेळ लागे. त्यांनी पिल्लाला खरोखरच सरदारकी दिली आणि वर हुकूम काढला, की सरदारांशी कोणी एकेरीत बोलायचं नाही, त्यांना दोरी लावायची नाही आणि काठीही दाखवायची नाही.

पागोटं गेल्यावर सरदारांना वळण लावाच, म्हणून दिवाणजी हट्टाला पेटले. राजांनी मग श्वानशाळेच्या हिराजीला बोलावून सांगितलं, की दसऱ्याच्या दरबारात सरदार शब्दासरशी खाली बसले पाहिजेत. महिना हातात आहे. नाही बसले, तर हिराजीची रवानगी सीमेवरच्या चौकीवर! त्या चौकीवरून माणूस वर्षातून एकदा घरी येई, तेही पाऊस बरा असला तर.

हिराजीचं लग्न होऊन दीड महिना झाला होता.

त्याची बायको आवडी फारशी बोलत नसे. डोक्यावरचा पदर सावरत ती नुसती बघत राही. दोन दिवस तिने तेच केलं. सरदारांना बसवायला हिराजी म्हणे, "बसावं सरकार." दिवाणजी लांबूनच म्हणत, "आसनस्थ व्हावं." राणीसाहेब म्हणत, "बसता का हो बाळराजे?" सरदारांना वाटे, आपलं कौतुक चाललंय. ते आणखी उड्या मारत.

आवडीला त्यांची दया आली. सासरी आल्यापासून तिचंही असंच चाललं होतं. सासू म्हणे, बस जरा. ती बसली की चुलतसासू म्हणे, बसलीस काय?

तिने नवऱ्याला सांगितलं, की आधी यांना दमवा. गादीवर लोळून का कोणाचे पाय शांत होतात? तेव्हापासून हिराजी पहाटे सरदारांना घेऊन टेकडी चढू लागला आणि नदीतून परत येऊ लागला. सरदार जीभ बाहेर काढून हिराजीच्या घरी यायचे. निम्मं वारं तिथंच उतरायचं.

"आणि उरलेलं?" हिराजीने विचारलं.

"ते आत्याबाईंवर सोपवा," आवडी म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणे.

मग अंगणात रोज एक नवल घडू लागलं. सासू भाकरी घेऊन ओट्यावर बसे आणि सुनेला म्हणे, "बस!" आवडी चटकन खाली बसे आणि सासू तिला भाकरीचा तुकडा देई. सरदार शेजारी उभे राहून पाहत. पहिल्या दिवशी त्यांनी तो तुकडा हिसकायला बघितला. सासूने मूठ मिटली. दुसऱ्या दिवशी ते भुंकले. तेव्हाही मूठ मिटलेलीच. चौथ्या दिवशी कंटाळून त्यांनी बूड टेकलं, नेमकं आवडीबरोबर, आणि तुकडा त्यांच्या तोंडात पडला! मग तुकडा रोज जरा उशिरा मिळू लागला. शेवटी तर दहा वेळा बसल्यावर एकदा. सरदार तरी बसायचे.

आवडीची उठबस करून कंबर मोडली. सासूची मात्र हौस फिटेना. सून इतकी ऐकते हे पाहायला तिने शेजारणीसुद्धा बोलावल्या.

दसरा आला. दरबार खच्चून भरला. सरदार शेरजंग आले ते थेट गादीच्या गोंड्यावर. हिराजीचा चेहरा उतरला. त्याच्याबरोबर आलेली आवडी मुजरा करून उभी राहिली.

"बसव की आता," दिवाणजी हिराजीला म्हणाले. "पण एकेरीत नाही हं."

आवडी हळूच म्हणाली, "महाराज, पहाटेपासून उभी आहे. मला बसायची आज्ञा व्हावी."

दरबारात बसायचा मान फक्त मानकऱ्यांना, असं दिवाणजी सांगू लागले. पण गोंड्याचे धागे निघत होते आणि राजे वैतागले होते.

"अगं, बस एकदाची! बस!"

सरदार शेरजंगांनी गोंडा सोडला आणि बूड टेकलं. कान ताठ, नजर राजांवर. शेपूटसुद्धा हलेना.

दरबार चकित झाला. दिवाणजी ताडकन उठले. "एकेरीत शिकवलंय यांना! हुकूम मोडला!"

राजांच्या कपाळाला आठी पडली. "खरं का गं?"

"नाही महाराज. घरी आत्याबाई मला म्हणाल्या. इथं आपण मला म्हणालात. सरदारांना कोणीच काही म्हणालं नाही. ते आपल्या मनाने बसले."

"मग तू का नाही बसलीस?"

"आज्ञा एकच होती. ती सरदारांनी घेतली. त्यांच्या मानातलं मी कसं घेऊ?"

राजांच्या मिशा हलल्या. "बरं. आणि उद्या आम्हाला यांना बसवायचं झालं तर?"

"तर महाराजांनी मला 'बस' म्हणावं. त्यासाठी मी इथं हजर पाहिजे. आणि मी इथं असताना माझे धनी सीमेवर राहिले, तर त्यांची भाकरी कोणी थापायची? मला तिकडं जावं लागेल. मग इथं कोणाला म्हणणार, बस?"

राजे आधी गालात हसले, मग पोट धरून हसले. त्यांनी चौकीचा हुकूम तिथल्या तिथे फाडला, हिराजीला श्वानशाळेचा मुख्य केलं आणि मानकऱ्यांच्या रांगेत एक नवी गादी अंथरायला लावली.

"या, आवडीबाई," राजे म्हणाले. "बसा."

आवडी पदर सावरून बसली. पागोटं सांभाळत दिवाणजी तेवढे उभेच राहिले होते.