परीची वाटी आणि दाण्याचा लाडू

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, गावाच्या उशाशी एक देवराई होती आणि देवराईच्या पोटात एक झरा होता. गावाचं नाव कळंबशेत. झऱ्याला नाव नव्हतं, कारण त्याला हाक मारायची वेळच यायची नाही. तो आपला दिवसभर बोलतच असायचा. आता नीट मांडी घालून बसा, आणि परी कधी येणार असं मधेमधे विचारायचं नाही. यायची तेव्हा येईल.

तर त्या गावात सगू नावाची एक मुलगी राहायची. इवलंसं नाक, टपोरे डोळे आणि सदा एका बाजूला कललेली वेणी. आईबाप तिला आठवतही नव्हते. तिला वाढवलं तिच्या गिरजाआत्यानं. गिरजाआत्या लोकांच्या घरी पापड लाटायला, कुरडया घालायला जायची. संध्याकाळी दमून यायची, पण सगूला मांडीवर घेऊन घास भरवल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. दोघींचं अगदी गूळपीठ होतं.

मग एका हिवाळ्यात आत्याला ताप आला. ताप गेला खरा, पण जाताना तिच्या पायांतलं बळ घेऊन गेला. वैद्यांनी लेप दिले, काढे दिले आणि शेवटी हात टेकले. तेव्हापासून आत्या खिडकीजवळच्या बाजेवर पडून असायची आणि घरातलं सगळं सगू करायची. शाळेत जायच्या आधी ती अंगण झाडायची, आत्याचे केस विंचरायची, पायांना कोमट तेल चोळायची आणि भाकरी थापायची. भाकरी काही गोल व्हायची नाही. पण आत्या ती हातात घेऊन म्हणायची, "वा, आज कुठला देश खायचा गं?" मग दोघी हसत हसत कुठलातरी देश खाऊन टाकायच्या.

कधीकधी खायला देशही नसायचा. तेव्हा शेजारच्या हौसाकाकू वाटीभर आमटी पाठवायच्या, नाहीतर ताटलीत थोडा भात. सगूला ते जेवून वाटी घासून परत द्यायची घाई असायची, आणि इथेच आत्याचा हेका आडवा यायचा.

"सगे, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही."

"पण आत्या, आपल्या डब्यात काहीच नाही."

"अंगणात बघ. भांड्यातून नुसती आमटी येत नाही, पोरी, मायाही येते. तिला तशीच परत पाठवायची का?"

मग सगू अंगण धुंडाळायची. कधी कढीलिंबाचे दोन डहाळे, कधी चिंचेचं बुटुक, कधी ओंजळभर केशरी अबोली वाटीत घालून द्यायची. एकदा तर अंगणातही काही मिळालं नाही. तेव्हा आत्यानं वाटीत चिमूटभर साखर घालायला लावली, आणि हौसाकाकूंनी ती चिमूट मानानं डब्यात ओतून घेतली.

आता या गोष्टीतला दिवस. शनिवार होता, म्हणजे सकाळची शाळा. पाऊस नुकताच सरला होता आणि सगळा डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळाधमक झाला होता. शाळेत बाईंनी विचारलं, "सेवा म्हणजे काय रे मुलांनो?" कुणी म्हणालं, देशासाठी लढणं. कुणी म्हणालं, देवाची पूजा. सगूनं हात अर्धाच वर केला आणि खाली घेतला. तिच्या डोक्यात भलताच गोंधळ चालला होता. मी आत्याचे केस विंचरते, ती सेवा असेल का? मग आत्यानं इतकी वर्षं माझे विंचरले, त्याला कुणी सेवा म्हटलं नाही, ते कसं काय?

हाच गोंधळ डोक्यात आणि कळशी कमरेवर घेऊन ती दुपारी झऱ्यावर गेली. देवराईतली एक काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, अशी गावाची रीत. सगू न्यायची ते फक्त पाणी. पण कळशी भरण्याआधी ती रोज एक काम करायची. झऱ्याच्या तोंडाशी गळून पडलेली पानं अलगद बाजूला सारायची, म्हणजे पाणी मोकळं वाहायचं आणि खाली चिमण्यांना, खारींना प्यायला मिळायचं. आजही तिनं पानं सारली. शेवटचं पिवळं पान उचललं, तर त्याच्याखालून निळसर उजेड सांडला.

आली बरं का परी. झालं समाधान?

वीतभर उंच होती ती. झगा तेरड्याच्या गुलाबी पाकळ्यांचा, केसांत सोनकीचं एक चिमुकलं फूल, आणि पंख असे चमचमणारे की झऱ्याचं पाणी निळं, हिरवं, जांभळं होत गेलं. चेहरा मात्र थोडा रुसका होता.

"रोज पानं काढतेस. कुणी सांगितलं तुला?" परीनं विचारलं.

सगूच्या हातातलं पान गळून पडलं. "कुणी नाही, परीताई. पाणी आपण फुकट पितो, मग एवढं तरी करावं ना."

परीनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "बरं. तुझ्या मनात काय आहे ते माग. एकच माग."

सगूला विचार करावा लागला नाही. "माझ्या आत्याला चालता येऊ दे."

परीनं पाण्यावर बोट फिरवलं. झऱ्याच्या तळातून एक रुपेरी वाटी डुलत डुलत वर आली. वाटीत पहाटेचं दव काठोकाठ भरलं होतं आणि त्यात इंद्रधनुष्याचे सगळे रंग हळूहळू फिरत होते.

"हे आत्याला पाज. पण माझे तीन नियम आहेत," परी म्हणाली. "वाटेत थेंब सांडायचा नाही. वाटी कुणी दिली आणि नियम मोडला तर काय होईल, ते कुणाला सांगायचं नाही. आणि सूर्य डोंगराला टेकायच्या आत वाटी मला परत आणून द्यायची, रिकामी. अगदी रिकामी, ऐकलंस? वाटीत काहीही दिसलं, तर आत्याचे पाय पुन्हा होते तसे होतील."

सगूनं कळशी तिथेच ठेवली आणि दोन्ही हातांत वाटी धरून निघाली. तिनं वाटेतला दगड चुकवला, खड्डा चुकवला. फुलपाखरू नाकावर येऊन बसलं तरी तिनं मान हलवली नाही. एक थेंब सांडला नाही.

आत्या दव प्यायली. आधी तिच्या पायांची बोटं हलली. मग घोटे वळले. मग ती बाजेच्या कडेला बसली आणि सगूच्या खांद्यावर हात टेकून हळूच उभी राहिली. कितीतरी वेळ दोघी तशाच एकमेकींना धरून उभ्या होत्या, आणि दोघीही रडत होत्या. सगूला वाटलं, आता आपल्याला जगात दुसरं काही नको.

"ही वाटी कुणाची गं?" डोळे पुसत आत्यानं विचारलं.

"सांगायचं नाही म्हणालीय ती. पण सूर्य टेकायच्या आत परत द्यायचीय."

"नको सांगू. थांब जरा."

भिंतीला धरत धरत आत्या चुलीपाशी गेली. डब्याच्या तळाशी मूठभर शेंगदाणे होते, ते तिनं भाजले, खलबत्त्यात कुटले, गुळाचा शेवटचा खडा त्यात घातला आणि सुरेख गोल लाडू वळला. रुपेरी वाटीत तो अलगद ठेवला.

"आत्या, नको. रिकामीच हवीय तिला," सगू काकुळतीला आली.

"सगळे तसंच म्हणतात, बाळा. हौसासुद्धा म्हणते, कशाला गं काही घालतेस. म्हणून काय रिकामी द्यायची? आणि ज्या माउलीनं मला पायावर उभं केलं, तिला?" आत्यानं वाटी सगूच्या हातात ठेवली. "पायावर उभी राहून पहिलं काम हे केलंय मी. जा, नेऊन दे."

आता सांगा, सगूनं काय करावं? नियम मोडला तर काय होईल ते सांगायची सोय नव्हती, आणि आत्याला नाही म्हणवत नव्हतं. वाटी घेऊन ती निघाली खरी, पण देवराईच्या वाटेवर मधेच थांबली. ती एका दगडावर बसली. वाटीतून भाजल्या दाण्यांचा आणि गुळाचा वास येत होता, आणि सकाळच्या अर्ध्या भाकरीनंतर तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. खाऊन टाकावा का? वाटी आपोआप रिकामी होईल. पण हा आपला नाहीच मुळी, आत्यानं दुसऱ्यासाठी वळलाय. मग पाखरांना घालावा? आत्यानं तर भिंतीला धरून, पाय थरथरत असताना केलाय तो. आणि वाटीत तसाच राहू दिला तर? आत्याचे पाय पुन्हा जातील.

सूर्य डोंगराकडे निघाला होता. आभाळ आधी शेंदरी झालं, मग डाळिंबी. सगू उठली आणि धावत सुटली.

झऱ्याच्या काठावर परी वाट पाहत होती. सगूनं उजवा हात पुढे केला. त्यावर वाटी होती, लख्ख रिकामी. मग तिनं डावा हात पुढे केला. त्यावर लाडू होता.

"हे काय?" परीच्या भुवया चढल्या. "आता आणखी काय मागायचंय?"

"काही नाही मागायचं."

"खोटं. या वाटीतून आजवर फक्त मागणीच परत आली. वाटीत एक पैसा टाकून कुणी म्हणे एक म्हैस दे, कुणी म्हणे माडी बांधून दे. म्हणून तर मी रिकामी आणायचा नियम केला."

सगूच्या डोळ्यांत पाणी आलं. "परीताई, हा लाडू आत्यानं तुझ्यासाठी केलाय. आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. पण तुझा नियम मोडला तर आत्याचे पाय जातील, म्हणून मी वाटी रिकामी आणली आणि लाडू हातात आणला. माझं चुकलं असेल तर माझे पाय घे. तिचे नको घेऊस."

सगूनं लाडवाचा हात तसाच पुढे धरून ठेवला. मग परीनं दोन्ही हातांनी तो लाडू उचलला. तिच्या डोक्याएवढा होता तो. ती एका दगडावर बसली आणि तिनं त्याचा लचका तोडला. नाकाच्या शेंड्याला दाण्याचा कूट लागला, गालाला गूळ लागला, आणि रुसका चेहरा कुठल्या कुठे पळाला.

"कितीतरी वर्षं मी वाट्या भरून देतेय," ती हळूच म्हणाली. "मला कुणी काही करून घातलं, असं आज पहिल्यांदा झालं." मग तिनं मान वर केली. "तू जेवलीस का गं?"

सगूनं नकारार्थी मान हलवली. परीनं लाडवाचा मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला, आणि दोघींनी झऱ्यात पाय सोडून तो लाडू चवीचवीनं संपवला.

सूर्य डोंगराला टेकला.

"आत्याचे पाय आता कुठे जात नाहीत," परी म्हणाली. "पण माझी पंचाईत झाली बघ. तू माझ्यासाठी लाडू आणलास, मग मी तुला रिकाम्या हातानं कशी पाठवू? ही वाटी तुझ्याकडेच ठेव. दुसऱ्या कुणासाठी उचललीस, की ती आपोआप भरेल. स्वतःसाठी उचललीस, तर रिकामीच राहील. हा एवढा एकच नियम."

"आणि परत कधी आणून देऊ?"

परी हसली. तिच्या पंखांतून आधी निळा उजेड निघाला, मग सोनेरी. झाडांची खोडं, शेवाळ, पाण्यातले गोटे, सगळं झगमगून उठलं. सगूनं डोळे किलकिले केले आणि उघडले, तर काठावर थोडा दाण्याचा कूट सांडलेला होता आणि परी कुठेच नव्हती.

सगू देवराईबाहेर आली तर वाटेवर कुणीतरी हळूहळू चढून येत होतं. दर पावलाला थांबत होतं, पण येत होतं. गिरजाआत्याच होती ती, स्वतःच्या पायांनी सगूला न्यायला आलेली. सगू धावत जाऊन तिला बिलगली.

"वाटी रिकामी नाही ना दिलीस?" आत्यानं आधी हेच विचारलं.

"नाही, आत्या. तिला लाडू फार आवडला."

सोमवारी शाळेत सगूनं हात पूर्ण वर केला. "बाई, शनिवारी तुम्ही विचारलं होतं ना? आधी आत्यानं माझं केलं, मग मी आत्याचं केलं, आता आत्या परत माझं करतेय. कुणी कुणाची सेवा केली, ते आम्हाला आता आठवतच नाही." मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगूला जवळ घेतलं आणि तिची कललेली वेणी सरळ करून दिली.

आणि वाटी? ती आधी हौसाकाकूंकडे गेली, गरम खिरीनं भरून. मग तापानं पडलेल्या एका म्हाताऱ्या गुराख्याकडे गेली, मग नुकत्याच बाळंत झालेल्या सुतारीणबाईंकडे. सगूनं आणि आत्यानं ती स्वतःसाठी कधीच उचलली नाही. तरी दोघी कधी उपाशी राहिल्या नाहीत, कारण वाटी परत यायची तेव्हा तिच्यात काही ना काही असायचंच. गावालाच तशी सवय लागली होती.

अजूनही ती वाटी फिरतेच आहे म्हणतात, या घरातून त्या घरात. तुमच्या दारी आली तर खुशाल घ्या, पोटभर खा. पण परत देताना आधी अंगणात बघून या, निदान अबोलीचं एखादं फूल तरी सापडेलच.